आवाज येतोय, चित्र नाही: टीव्ही भंगारात देण्याआधी टॉर्च मारून बघा

माळेगाव बुद्रुकवरून बोलतेय. ज्यांना हा भाग कानात घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना जिथे पुढेमागे झालं होतं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच आहे.

गेल्या महिनाभरात सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच गोष्टीच्या आल्या. टीव्ही चालू होतो, लाल दिवा जातो, बातम्या ऐकू येतात, रिमोटने आवाज कमीजास्त होतो, पण स्क्रीन काळी ठिक्कर. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच: "पॅनेल गेलं म्हणायचं का?"

बहुतेक वेळा नाही. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय की काळी स्क्रीन म्हणजे पॅनेल गेलं असं नसतं. बऱ्याचदा फक्त पॅनेलच्या मागचा उजेड गेलेला असतो. या दोन गोष्टींत खर्चाचा फरक केवढा? पॅनेल बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीचे पैसे. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या मात्र लहान टीव्हीला शेकड्यांत येतात, वर कारागिराची मजुरी. आणि कुठला प्रकार आहे हे ओळखायचं साधन तुमच्या हातातच आहे. ज्या मोबाइलवर हे वाचताय, त्याची टॉर्च.

पण थांबा, टॉर्चच्या आधी दोन फुकटच्या गोष्टी करून घ्या.

टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. सेट टॉप बॉक्सच्या नाही, टीव्हीच्या. मेनू छान दिसला तर टीव्ही ठणठणीत आहे, दोष बाहेरून येणाऱ्या चित्रात आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत फ्री डिशचा बॉक्स तीन पिनांच्या वायरने जोडलेला असतो. त्यात लाल आणि पांढरी पिन आवाजाची, पिवळी चित्राची. मांजराने उडी मारली, झाडताना वायर ओढली गेली आणि पिवळी पिन अर्धी बाहेर आली, की आवाज चालू, चित्र गायब! एवढ्यासाठी टीव्ही उचलून बारामतीला नेलेला माणूस मला माहीत आहे. एका टोकाला हेडफोनसारखी एकच पिन असलेली वायर असेल तर आणखी एक गंमत: वेगवेगळ्या कंपन्यांनी त्या पिनच्या आतली जोडणी वेगवेगळी केलेली असते. दुसऱ्या बॉक्सची वायर लावली तर ती घट्ट बसते, आवाजही कदाचित येतो, पण चित्र येत नाही. म्हणून बॉक्सबरोबर आलेली वायर जपून ठेवा.

एचडीएमआय असेल तर वायर काढून दुसऱ्या भोकात लावून बघा. बॉक्सचं रिझोल्यूशन टीव्हीला पेलवत नाही इतकं वाढलं असेल तरी स्क्रीन काळी राहते. आणि हो, काही स्मार्ट टीव्हींच्या सेटिंगमध्ये चित्र बंद ठेवून फक्त गाणी ऐकायची सोय असते. लहान पोरांच्या हातात रिमोट असेल तर ते चुकून चालू होतं. एखादं बटण दाबलं की चित्र परत येतं. शेवटी वायर भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. फोन हँग होतो तसा स्मार्ट टीव्हीही होतो.

मेनूसुद्धा दिसत नाही? मग आता टॉर्च.

खोलीत पूर्ण अंधार करा. ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढा, नाहीतर रात्रीच करा. टीव्ही चालू करा आणि मेनू दाबा, म्हणजे स्क्रीनवर मोठी ठळक अक्षरं असतील. मोबाइलची टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरकी धरा आणि हळूहळू फिरवत बघा. सरळ समोरून बघितलं तर काचेची चमक डोळ्यांत जाते, म्हणून जरा बाजूने. पहिल्या फेरीत काही दिसलं नाही तर कोन बदला, घाई करू नका. टॉर्चच्या गोलात फिकट, भुतासारखी अक्षरं हलताना दिसली, तर चित्र तयार होतंय. पॅनेल काम करतंय. गेलाय तो दिवा.

हे असं का होतं ते समजून घ्यायला एक मिनिट द्या, कारण इथे नावानेच आपला घोटाळा केलाय. आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो, त्यातलं चित्र एलईडी काढत नाहीत. चित्र काढतं ते एलसीडी पॅनेल, म्हणजे द्रवस्फटिकांचा पातळ पडदा, आणि त्याला स्वतःचा उजेड अजिबात नसतो. जुन्या सिनेमाच्या फिल्मसारखं समजा. फिल्मवर चित्र आहे, पण मागून दिवा लावल्याशिवाय पडद्यावर काही नाही. टीव्हीत तो मागचा दिवा म्हणजे एलईडींच्या पट्ट्या. पट्ट्यांच्या भोवती पांढरा कागद, वर उजेड सारखा पसरवणारे दोनतीन पातळ पडदे, आणि सगळ्यांत पुढे पॅनेल. टॉर्चचा उजेड पॅनेलमधून आत जातो, त्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत बाहेर येताना चित्र थोडंसं दाखवतो. एवढंच त्यातलं गुपित.

आवाजाचा रस्ताच वेगळा आहे. मेन बोर्डवर आवाज आणि चित्र वेगळे होतात, आवाज थेट स्पीकरकडे जातो. त्यामुळे आवाज येतोय याचा अर्थ सप्लायचा बराचसा भाग चांगला आहे, मेन बोर्ड जागा आहे, रिमोटचं ऐकतोय. अर्ध्याहून जास्त टीव्ही जिवंत आहे म्हणा ना! विजेच्या जबर झटक्याने मेलेला टीव्ही असा नसतो. खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब आला, की टीव्हीचा फ्यूज उडतो आणि मग लाल दिवासुद्धा लागत नाही. तो वेगळा आजार.

एकच एलईडी गेली तर सगळा अंधार का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. गणपतीत आपण लाइटच्या माळा लावतो ना, जुन्या, एक बल्ब गेला की सगळी माळ बंद पडणाऱ्या? तेच. पट्ट्यांवरच्या एलईडी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. मधली एक तुटली की पुढे वीज जात नाही. शिवाय त्यांना वीज पुरवणारं सर्किट शहाणं असतं, गडबड दिसली की ते स्वतःच बंद होतं. म्हणून तुमच्या टीव्हीवर चालू करताना सेकंदभर चित्र चमकून जात असेल आणि मग अंधार होत असेल, तर टॉर्च न लावताही बॅकलाइटवर संशय घ्यायला हरकत नाही.

आता आमच्या घरचं सांगते, कारण हा भाग त्यामुळेच करायचं ठरवलं.

आमच्याकडे ३२ इंची टीव्ही आहे आणि तो खरं म्हणजे आजीचा आहे. आम्ही सगळे फोनवर बघतो. आजीला ऐकू फार कमी येतं. ती मालिका बघते ती माणसांच्या तोंडाकडे बघून, कोण रडतंय, कोण दार आपटून गेलं यावरून. लोक म्हणतात चित्र गेलं तरी आवाज ऐकत बसता येतं. आजीसाठी उलट आहे. आवाज येणारा काळा टीव्ही म्हणजे तिच्यासाठी भिंतच. पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, "ह्येचा काय रेडू झालाय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून तिने विचारायचं बंद केलं, आणि जेवण झालं की साडेसातलाच झोपायला लागली. ते जास्त वाईट होतं.

दुकानदाराने माणूस पाठवला. त्याने दिवसाढवळ्या, खिडकी उघडी असताना, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, पॅनेल गेलंय, नवीनच घ्या, जुन्याचे पाचशे देतो. वाईट माणूस नव्हता. रोज पंधरा घरं करणाऱ्याला टीव्ही खोलायला परवडत नाही, हे मला कळतं. पण त्याच्या त्या एका वाक्यावर बाबा नवीन टीव्हीचा हप्ता किती बसेल याचा हिशोब करायला लागले होते, आणि उसाचं बिल यायला अजून अवकाश होता.

त्या रात्री लाइट बंद करून मी टॉर्च मारली. उजव्या कोपऱ्यात चॅनेलचा नंबर दिसला. फिकट, पण स्वच्छ. आजीला जवळ बोलावून दाखवलं तर ती टॉर्चच माझ्या हातातून घेऊन स्क्रीनवर फिरवायला लागली, एखादं चित्र सापडतंय का बघायला.

मग बारामतीत एक जुने कारागीर आहेत त्यांच्याकडे नेला. त्यांना मी एवढंच म्हटलं, "काका, टॉर्चमध्ये चित्र दिसतंय." ते हसले, म्हणाले, "मग निम्मं काम तूच केलंस की." पट्ट्या, मजुरी धरून १,४०० रुपये झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्ही घरी आला.

नेण्याबद्दल एक सांगून ठेवते. नीरा रस्त्यावरून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये टीव्ही धरून जाणारे मला दर आठवड्याला दिसतात. फ्लॅट टीव्ही उभाच न्यायचा, आडवा ठेवून त्यावर काही ठेवायचं नाही आणि बोटं काचेवर दाबायची नाहीत. पूर्वीच्या खोक्यासारख्या टीव्हीला थाप मारली की चित्र यायचं, कारण आतला एखादा सैल टाका हलून जुळायचा. ती सवय घरातल्या मोठ्या माणसांच्या हातात अजून आहे. फ्लॅट टीव्हीला थाप मारलीत तर बॅकलाइटचा आजार खरोखर पॅनेलचा होऊन बसेल. आम्ही गोधडीत गुंडाळून शेजारच्यांच्या गाडीतून नेला.

आता हे घरी करता येईल का? यूट्यूबवर पाहिलं तर फार सोपं दिसतं. माझं स्पष्ट मत: टॉर्च मारण्यापर्यंत तुम्ही, स्क्रू खोलण्यापासून पुढे कारागीर. दोन कारणं आहेत.

पहिलं जिवाचं. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, पण टीव्हीच्या सप्लायमध्ये ते एकदिश होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये भरले जातात तेव्हा सव्वातीनशेच्या आसपास होतात, काही टीव्हीत त्याहूनही जास्त. वायर भिंतीतून काढल्यावरही तो कपॅसिटर काही वेळ भरलेला राहू शकतो. हात लागला तर झटका साधा नसतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून तो रिकामा करणारे व्हिडिओ आहेत, ते बघून तसं करू नका.

दुसरं पैशाचं. पट्ट्या सगळ्यांत मागे असतात, म्हणून आधी पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. ते काचेचं आहे, पातळ आहे, आणि त्याच्या कडेला कागदासारख्या लवचिक पट्ट्यांवर चिप चिकटवलेल्या असतात. त्यातली एक ओढली गेली तरी चित्रात उभी रेघ कायमची. म्हणजे स्वस्तातला आजार बरा करताना महागातला होऊ शकतो. कारागिरालासुद्धा होऊ शकतो. म्हणून काम देण्याआधीच तोंडावर विचारा: पॅनेल काढताना तडा गेला तर काय? जो कारागीर या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडून टीव्ही परत उचला. आणि वॉरंटी चालू असेल तर बाहेर खोलूच नका, आधी कार्ड वाचा. कंपनीने वॉरंटीत टाळाटाळ केली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

कारागिराशी बोलताना अजून दोन गोष्टी. फक्त मेलेली एलईडी बदलून किंवा तिला वळसा घालून काम भागवता येतं, स्वस्त पडतं. पण तिच्या जागी स्क्रीनवर काळपट डाग दिसू शकतो, आणि तिच्या शेजारणी तिच्याच वयाच्या आहेत. पूर्ण संच बदलून घ्या. नवीन पट्ट्यांवर एलईडी किती आणि प्रत्येक किती व्होल्टची, तीनची की सहाची, हे जुन्याशी जुळायला हवं. त्यासाठी टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर एक फेरी वाचते. दुसरं म्हणजे, पट्ट्यांना जाणारा करंट थोडा कमी करून द्याल का, असं विचारा. जाणते कारागीर ते करतात. उजेड किंचित कमी होतो, पट्ट्या जास्त टिकतात.

कारण एलईडी मरते ती उष्णतेने. टीव्ही दुकानात झगझगीत दिसावा म्हणून त्याचं चित्र 'व्हिविड' वर ठेवलेलं असतं आणि घरी आणल्यावर कुणी ते बदलत नाही. भिंतीला चिकटवलेला टीव्ही, मे महिना, वर पत्रा, आणि बॅकलाइट शंभरवर. सेटिंगमध्ये जाऊन तो साठसत्तरवर आणा, रात्री डोळ्यांनाही बरं वाटतं. मात्र 'ब्राइटनेस' नावाचा आकडा बऱ्याच टीव्हीत वेगळंच काम करतो, तो फक्त काळा रंग किती गडद हे ठरवतो. दिव्याचा आकडा 'बॅकलाइट' या नावाने शोधा.

पट्ट्या मरण्याआधी सूचनाही देतात. पांढरा शर्ट निळसर दिसायला लागतो. टीव्हीतली पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावर पिवळसर लेप देऊन तिचा उजेड पांढरा केलेला असतो. लेप उष्णतेने बिघडला की आतला निळा बाहेर डोकावतो. ही निळी एलईडी साधायला जगाला इतकी वर्षं लागली की तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरी खूण म्हणजे स्क्रीनवर गोल पांढरे ठिपके. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवायला एक छोटी भिंगाची टोपी असते, तिचा गोंद सुटून ती पडते. तेवढं चिकटवून घेणं फार स्वस्तात होतं. फक्त वेळेत न्या.

आता टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर? मग दोन शक्यता. स्क्रीन अंधारात पूर्ण काळी नाही, किंचित राखाडी उजेड आहे, म्हणजे दिवा चालू आहे आणि चित्रच पोचत नाहीये. तेव्हा मेन बोर्डपासून पॅनेलपर्यंतची चपटी वायर सैल असू शकते किंवा टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड गेलेला असू शकतो. पावसाळ्यात ओल धरते, मुंग्या घर करतात, पाल आत शिरते. वायरची टोकं साफ करून परत बसवल्यावर चालू झालेले टीव्हीही आहेत. हे सगळं पॅनेलपेक्षा स्वस्त. पण काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ असेल किंवा शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर ते पॅनेलच, तिथे पैसे घालू नका. आणि तुमचा टीव्ही 'ओएलईडी' असेल तर आजचं हे टॉर्चचं काही लागू नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, मागे दिवा नसतोच. २०१० च्या आधीचे फ्लॅट एलसीडी टीव्ही असतील तर त्यातल्या बहुतेकांत पट्ट्यांऐवजी बारीक ट्यूब आहेत. टॉर्चची परीक्षा तिथे चालते, पण त्या ट्यूब आता मिळायला त्रास होतो.

शिवनगरला खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी विचारलं होतं की असे 'फक्त आवाज येणारे' टीव्ही जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, घ्यावेत का. घ्या, पण दुकानदाराला दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावून, टॉर्च मारून, मेनू दिसला तरच. आणि खरंच मेलेला असेल तर उकिरड्यावर किंवा कालव्याच्या कडेला टाकू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, त्यानुसार ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नवीन घेताना त्याच दुकानात बदली द्या.

पुढच्या भागात इन्व्हर्टरची बॅटरी दोन तासांवरून वीस मिनिटांवर का येते ते बघू. प्रश्न नेहमीच्या नंबरवर पाठवा. टीव्हीबद्दल विचारायचं असेल तर मागच्या लेबलचा फोटो आणि टॉर्च मारून काय दिसलं ते लिहा. नुसत्या काळ्या स्क्रीनचा फोटो नको, तसे बावीस फोटो आहेत माझ्याकडे आणि सगळ्यांत फक्त फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसतंय.